दोनशे चाळीस मापं

"बाही सरळ का कापत नाहीस अण्णा? दोन मिनिटांचं काम ते," प्रणेशनं दारातूनच विचारलं.

रंगनाथनं खडूची रेघ आधी पुरी केली, मग मान वर केली. "देव कंबरेवर हात ठेवून उभा आहे रे. सरळ बाही घातली तर कोपरात अडकते, मग सगळा पोशाख खांद्यावरून वर चढतो. अप्पांनी शंभरदा सांगितलंय."

"मला नाही सांगितलं."

"तू ऐकाय थांबत होतास कुठं?"

धाकटा भाऊ हसला आणि आत आला. आत म्हणजे आठ बाय दहाच्या खोलीत, जिथं एक कापायचं टेबल, दोन मशिनं, एक अप्पांकडून आलेलं आणि एक नंतर घेतलेलं, आणि भिंतीवर अप्पांचा फोटो एवढंच मावत होतं. प्रणेशची गाडी शिवरामपेठेच्या त्या गल्लीत शिरत नसे. ती कोपऱ्यावर उभी करून त्याला चालत यावं लागे, आणि चालत आलं की त्याला घाम येई. त्यानं रुमालानं मान पुसली आणि टेबलावरचं पिवळं रेशीम दोन बोटांत धरून पाहिलं. धंदेवाल्या माणसाचा हात कुठल्याही कापडाकडे आपोआप जातोच.

कार्तिकी एकादशीला विठ्ठलाला नवा पोशाख चढतो. गल्लीच्या टोकाला असलेलं ते देऊळ मैसूरच्या मराठी शिंप्यांचं. पोशाखाचा मान तीन पिढ्या या घराकडे, थोरल्या पातीकडे. त्याला अट एकच होती: पोशाख चालत्या दुकानातून आला पाहिजे. ज्या मशीनवर वर्षभर माणसांचे कपडे शिवले, त्याच मशीनवर देवाचे. बसून खाणाऱ्याचं शिवण देवाच्या अंगाला लावायचं नाही, असं म्हातारी माणसं म्हणत, आणि अजून ते कुणी मोडलं नव्हतं.

आता दसऱ्यापासून रंगनाथच्या दुकानात दोन पँटी आल्या होत्या. त्यातली एक तर नुसती कंबर आवळायला. चालतं दुकान म्हणायचं की नाही, यावर देवळाच्या पंचांमध्ये कुजबुज सुरू झाली होती. ती रंगनाथच्या कानावर आली होती आणि तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात आपलं म्हणून सांगावं असं त्याच्याकडे एवढंच होतं. मूल नव्हतं, घर भाड्याचं होतं. वर्षातून एकदा देवाच्या अंगाला हात लागत होता, तो सुटला तर मागे उरणार काय?

"नवीन शाळा मिळालीय," प्रणेश म्हणाला. "चारशे पोरं. शिलाई तुझ्याकडे द्यायची असं डोक्यात आहे. दोन्ही मशिनं वर्षभर चालतील."

रंगनाथच्या हातातला खडू थांबला.

"पण रविवारी कुवेंपुनगरात यायचंस. माझं भाषण आहे. आपल्या मराठी लोकांतले छोटे दुकानदार येणार. पुढच्या रांगेत बस. त्या विभावरी मॅडम काही विचारतील, त्याला सुम्नं, मुकाट्यानं हो म्हण. जास्त बोलू नको. आयतु, कबूल?"

"आयतु," रंगनाथ म्हणाला. त्यानं विचारसुद्धा केला नाही.

*

विभावरी मॅडम पुण्याच्या. पंधरा वर्षांपूर्वी कंप्यूटरच्या कंपनीत इकडे आल्या, पुढं नोकरी सोडली आणि दुकानदारांना मनोवृत्ती शिकवू लागल्या. त्यांनी स्वतः कधी दुकानाचं शटर वर केलेलं नव्हतं. पण पोहायला शिकवणाऱ्यानं पाण्यात उतरलंच पाहिजे असं थोडंच आहे? काठावर उभं राहूनही हात मार, पाय मार असं ओरडता येतं. बाई मनानं मात्र वाईट नव्हत्या. दारात उभ्या राहून त्यांनी रंगनाथला वाकून नमस्कार केला आणि हाताला धरून पुढच्या रांगेत नेलं. त्या आदरानं तो बिचारा भारावून गेला.

सभागृहात साठेक माणसं होती. लोणची-पापडवाली, मोबाइल दुरुस्त करणारे दोघे, डबे पोचवणारी एक बाई, साड्यांना गोंडे बांधून देणाऱ्या दोघी बहिणी. सगळ्यांच्या मांडीवर फुकटात मिळालेली वही आणि पेन होतं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'धंदा आधी डोक्यात वाढतो.'

प्रणेश छान बोलला. गोष्ट सांगावी कशी हे त्याला लहानपणापासून येत होतं.

"आम्ही दोघं भाऊ. बाप एक, गल्ली एक. बाप गेला तेव्हा दोघांच्या वाट्याला एकेक मशीन, अगदी सारखी. आज हुणसूर रोडच्या माझ्या युनिटमध्ये नव्वद माणसं काम करतात. माझ्या अण्णाच्या दुकानात अण्णा एकटा. मग फरक कशाचा पडला, सांगा?"

"माइंडसेट!" विभावरी मॅडम बाजूनं म्हणाल्या.

"माइंडसेट," साठ जणांनी पुटपुटत वहीत लिहून घेतलं.

रंगनाथला वाईट वाटलं नाही. खोटं काय होतं त्यात? मशिनं सारखीच होती. तो मान डोलावत राहिला.

मग पडद्यावर एका जुन्या वहीचं पान आलं. कडा पिवळ्या पडलेल्या, रेघा आखलेल्या, आकडे बारीक आणि तिरपे.

"ही माझ्या धंद्याची सुरुवात," प्रणेश म्हणाला. "सत्त्याण्णव साल. एका शाळेनं दोनशे चाळीस पोरांचे युनिफॉर्म सांगितले. अकरा दिवस मी त्या शाळेच्या व्हरांड्यात बसलो. एकेका पोराचं माप माझ्या या हातानं घेतलं. आणि शेवटच्या दिवशी मला दिसलं की ही दोनशे चाळीस पोरं नाहीत, हे फक्त सात साइझ आहेत! त्या सात साइझवर आज अठ्ठावीस शाळा चालतात."

टाळ्या पडल्या. रंगनाथ पडद्याकडे पाहत राहिला. अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

क्रमांक सत्तेचाळीस, डावा खांदा उतरता. क्रमांक एकशे बारा, आतून खिसा हवा म्हणतो. हे पोरगं त्याला आठवलं. बाहेरच्या खिशातलं सगळं मोठे भाऊ काढून घेतात, म्हणून चोरखिसा शिवून द्या असं कानात सांगून गेलं होतं. क्रमांक दोनशे तीन, बापाची पँट कापून घातली आहे, आतून चार बोटं कापड सोड, दोन वर्षं चालली पाहिजे. ते अकरा दिवस व्हरांड्यात गुडघे टेकून रंगनाथ बसला होता. शाळेनं काम त्याला सांगितलं होतं. बाराव्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले, काविळीनं महिनाभर अंथरुणाला खिळला, आणि जून तोंडावर आला म्हणून वही धाकट्याच्या हाती दिली. पुढच्या वर्षी शाळेनं धाकट्यालाच बोलावलं. वही परत मागावी असं रंगनाथला कधी सुचलंच नाही. घरातलीच तर होती.

त्यानंतर एकदा प्रणेश सात साइझचा कागद घेऊन त्याच्याकडे आला होता, हेही खरं. दोघं मिळून करू म्हणाला होता. तेव्हा रंगनाथनं हसून त्याला उडवून लावलं होतं. "माणसं काय गोण्या आहेत, एका मापात शिवायला? ज्याचं अंग पाहिलं नाही त्याचं मी कापत नाही." केवढा ताठा होता तेव्हा! तो ताठा आठवला की आजही त्याच्या जिवाला चरका बसे.

"काका," विभावरी मॅडम माइक घेऊन त्याच्यासमोर आल्या होत्या. "तुम्ही आणि प्रणेशजी एकाच जागेवरून निघालात. आज मागे वळून पाहताना काय वाटतं? तुम्ही कुठे कमी पडलात? अगदी मोकळेपणानं सांगा, इथे सगळे आपलेच आहेत."

माइक त्याच्या हनुवटीला लागला. रंगनाथनं प्रणेशकडे पाहिलं. प्रणेश हसत होता, पण डोळे हसत नव्हते. बोटांनी तो पँटच्या शिवणीवर ताल धरत होता, लहानपणी खोटं बोलताना धरायचा तसा.

एक वाक्य पुरलं असतं. अक्षर माझं आहे, एवढंच. साठ माणसांपुढं धाकट्याचं तोंड काळं झालं असतं. आणि मग? चारशे पोरं गेली असती. दुकान गेलं असतं. कार्तिकीला पंचांनी दुसरं घर शोधलं असतं. रंगनाथला टेबलावरचं पिवळं रेशीम दिसलं, अर्धं कापलेलं, वर खडूच्या रेघा.

"त्यानं सांगितलं ते बरोबर आहे," तो म्हणाला. "मी विचार बदलाय पाहिजे होता. मी बदललो नाही."

"वा!" विभावरी मॅडमचे डोळे खरोखर पाणावले. "चूक कबूल करायला केवढं मोठं मन लागतं! टाळ्या होऊन जाऊ द्या काकांसाठी!"

प्रणेशला पडल्या त्याहून जास्त टाळ्या रंगनाथला पडल्या. गोंडेवाल्या बहिणींतली एक तर पाया पडायला आली.

*

मागच्या व्हरांड्यात केसरीभात आणि कॉफी होती. प्रणेशनं त्याला कोपऱ्यात नेलं. खांद्यावर हात टाकला.

"मोठं काम केलंस अण्णा."

"कापड कधी पाठवतोस?" रंगनाथनं विचारलं. "चारशे म्हणजे आत्ताच हात घालाय पाहिजे."

प्रणेशनं कॉफीचा घोट घेतला. "ते काय आहे, चारशे युनिटमध्येच करायचं ठरवलंय. तुझ्या पायमशिनांवर केव्हा होणार ते, सांग? त्यापेक्षा तू युनिटला ये. तयार माल तपासायचा, धागे बघायचे, बटणं ओढून बघायची. बसून काम. गाडी न्यायला येईल. वहिनीला पण बरं."

"आणि दुकान?"

"बंद कर की. तूच आत्ता माइकवर म्हणालास, विचार बदलाय पाहिजे होता म्हणून. मग बदल. आता कोण अडवतंय?"

रंगनाथनं केसरीभाताची बशी कठड्यावर ठेवली.

"देवाचा पोशाख?" तो म्हणाला.

"मान घरातच राहतो की नाही, अल्वा? माझं दुकान चालतंय. रघुनाथरावांशी बोललोय मी."

म्हणजे पंचांचे प्रमुख रघुनाथराव, त्यांच्याशी आधीच बोलणं झालं होतं. म्हणजे प्रणेश गल्लीत घाम पुसत आला तेव्हाच, रेशीम दोन बोटांत धरून पाहिलं तेव्हाच, सगळं ठरलेलं होतं. रंगनाथला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. स्वतःचीच. विकायला बसल्यासारखं स्वतःचं अक्षर त्यानं साठ माणसांसमोर विकलं, आणि बदल्यात हाती काही पडलंच नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं.

घरी बायकोनं, लक्ष्मीदेवीनं, सगळं ऐकून घेतलं. ती बोलायला तशी हळू, पण बोलली की टाचणी टोचावी तसं.

"सांगून टाकाय होतं तिथंच."

"काय सांगणार? सात साइझ त्यालाच दिसले की. मला दिसले नसते. शंभर वर्षं त्या व्हरांड्यात बसलो असतो तरी मला दोनशे चाळीस पोरंच दिसली असती."

"दिसले असतील. पण ते सात दिसाय आधी दोनशे चाळीस मोजाय लागले. ते कुणी मोजले?"

रंगनाथनं सदरा काढून खुंटीला अडकवला.

"होगली बिडा," तीच म्हणाली, जाऊ द्या, आणि ताट वाढायला उठली. त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत, पण ताटं वाढली गेली.

*

दिवाळीच्या पाडव्याला लोक नवी दुकानं उघडतात. रंगनाथनं आपलं बंद केलं. मशिनं भंगारवाल्याकडे जाऊ नयेत म्हणून प्रणेशनं युनिटमध्ये नेली, दोन्ही रिसेप्शनच्या दोन बाजूंना मांडली आणि वर कुंड्या ठेवल्या. अप्पांची पितळी मुठीची कात्रीही त्यानं मागून घेतली. आता ती त्याच्या ऑफिसात काचेच्या पेटीत होती, शेजारच्या पेटीत मापांची वही. खाली पट्टी होती: 'आमची परंपरा'. बाहेरगावचे लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत.

रंगनाथ रोज बटणं ओढून बघत होता. पायजमे, शर्ट, फ्रॉक. साइझ एक ते सात. सगळ्या डाव्या खांद्यांची उंची उजव्याएवढीच.

एकादशीला पहाटे अंघोळ करून, धोतर नेसून तो देवळात गेला तो सगळ्यांसारखा, नमस्काराला. दरवर्षी काखेत पिशवी असे, तिच्यात पोशाख, खडू, अप्पांची कात्री. आज पिशवी आणली नव्हती. आणायचं कारणच नव्हतं. तो खांबाआड उभा राहिला.

गाभाऱ्यावर पडदा होता. आत काहीतरी बिनसलं होतं. रघुनाथराव दोनदा आत जाऊन बाहेर आले, तिसऱ्यांदा आले ते थेट खांबाकडे.

"रंगनाथा, जरा आत ये बाबा. बसत नाही ते अंगाला. कळेना झालंय काही."

"मी कसा येऊ? दुकान बंद आहे माझं."

"अय्यो, आता नियम काढू नकोस! आरतीची वेळ झाली. लोक खोळंबलेत."

तो आत गेला. विठ्ठल कंबरेवर हात ठेवून उभा होता आणि जरीचा महागडा पोशाख त्याच्या छातीपाशी गोळा झाला होता. बाह्या कोपरांत अडकल्या होत्या. पुजाऱ्यानं जागोजाग पिना टोचून ठेवल्या होत्या. गळ्याच्या मागं युनिटचं छोटं लेबल होतं. साइझ चार. देव उंचीनं दहा वर्षांच्या पोराएवढा, तेव्हा हिशेब बरोबरच होता.

रंगनाथनं आधी सगळ्या पिना काढल्या. देवाला पिना टोचलेल्या त्याला बघवत नव्हत्या. मग उपरण्याच्या काठाला खोचलेली सुई काढली. दोरा ओवलेली सुई जवळ असायची चाळीस वर्षांची सवय, ती तेवढी कुणी काढून घेतली नव्हती. मूर्तीच्या मागं जाऊन सुईच्या टोकानं त्यानं बाह्यांच्या खालची टीप उसवली, कापड कोपराखालून मोकळं केलं, मागं ओढून घेतलं आणि पाठीवर टाके घालायला घेतले. पोशाख हळूहळू खाली उतरला, कंबरेपाशी बसला. लेबल त्यानं काढलं नाही. आत दुमडून वर दोन टाके घातले, पाठीला टोचू नये म्हणून.

"झालं का रे?" बाहेरून आवाज आला.

"शेवटची बाजू राहिली."

पण घाई झालेल्या कुणीतरी पडदा ओढलाच. घंटा वाजली. टाळ सुरू झाले. रंगनाथ मूर्तीच्या मागं होता तिथंच अंग चोरून उभा राहिला. आता बाहेर पडायला वाट नव्हती. देवाच्या खांद्यावरून त्याला सगळं देऊळ दिसत होतं. हात जोडलेली, डोळे मिटलेली माणसं. बायकांच्या बाजूला लक्ष्मीदेवी. पहिल्या रांगेत प्रणेश, कपाळाला बुक्का, गळ्यात पंचांनी घातलेला हार. त्याच्या शेजारी विभावरी मॅडम, बोलावून आणलेल्या.

रघुनाथरावांनी माइकवर सांगितलं, "यंदाच्या पोशाखाची सेवा श्री. प्रणेश यांची."

रंगनाथनं शेवटचा टाका घातला आणि गाठ मारली. दोरा तोडायचा राहिला. इतर कपड्यांचा असता तर दातांनी तोडला असता. देवाच्या कापडाला तोंड लावायचं नाही, उष्टं होतं, हे अप्पांनी पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. त्यानं सवयीनं काखेत हात घातला. पिशवी नव्हती. कात्री काचेत होती.

आरती मोठी होती. एकादशीची आरती लवकर संपत नाही. रंगनाथनं सुई मुठीत घट्ट धरली. देवाच्या पाठीपासून त्याच्या हातापर्यंत वीतभर दोरा ताणलेला होता. जरा ढील दिली तर टाका सैल पडला असता, म्हणून तो हात न हलवता उभा राहिला.